लिंबायतचा विमानतळ

सुरतेच्या लिंबायतमध्ये शहाण्णव साली दहा दिवस एक विमानतळ होता, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. खऱ्या विमानतळाची गोष्ट वेगळी. मगदल्ल्याकडे धावपट्टी होती, तिच्यावर विमान कधी उतरायचं, कधी महिनोन्महिने उतरायचंच नाही, आणि लिंबायतच्या माणसाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याची गाडी म्हणजे ताप्ती लाइनीची पॅसेंजर. पण मित्रमंडळाच्या गणपतीपुढचा विमानतळ मात्र सगळ्या गल्लीनं डोळ्यांनी पाहिला, त्याच्या गेटातून येजा केली, आणि त्या गेटवर सुरक्षा अधिकारी म्हणून उभा होता निंबा.

निंबा पारोळ्याकडचा. उंच, पाठीत किंचित वाकलेला, चेहरा असा की हसला तरी समोरच्याला वाटावं, याला ढेकर आली असेल. हात मात्र त्या चेहऱ्याला न शोभणारे. लांब, निमुळत्या बोटांचे, एखाद्या तबलजीला द्यावेत असे. देवानं ते डाइंग मिलच्या गेटवर लावले.

निंबाचं काम झडतीचं. रात्रपाळीवाले आत शिरायच्या आधी दिवसपाळी बाहेर पडायची. चारशे माणसं, एकामागे एक. प्रत्येकानं निंबासमोर येऊन हात वर करायचे. एक थाप काखेत, एक कमरेला, एक पोटरीला, की चल पुढं. पाऊण तासात गेट रिकामं. निंबा माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, त्याची गरजच नव्हती. बोटांना कापड कळायचं. सुती बनियनच्या आत जॉर्जेटचा रुमालभर तुकडा असला तरी बोटं सांगायची, हे बनियन नव्हे.

या कामावर त्याला बसवलं शेठनं, चौऱ्याऐंशीत. तोवर तो रंगाच्या मशीनवर होता. शेठ म्हणाले, "निंबा, तारा माणसोने तू ज ओळखे." तुझी माणसं तूच ओळखणार. मिलमधली निम्मी माणसं खानदेशची, त्यातली निम्मी लिंबायतची. म्हणजे दिवसभर ज्यांच्या शेजारी राहायचं, संध्याकाळी त्यांच्याच कमरा चाचपायच्या. निंबाला त्या वेळी हा मान वाटला. पुढं त्याच्या ध्यानात आलं, की लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारचं पान सगळ्यात शेवटी भरतं. बारशाला त्यानं बाळ मांडीवर घेतलं की कुणीतरी म्हणणारच, "दुपट्यात काही सापडलं का, निंबाभाऊ?" सगळे हसत. निंबाही ढेकर दिल्यासारखा हसे.

हे सगळं त्यानं पचवलं. एक गोष्ट पचली नाही, ती पांडुरंगची.

पांडुरंग त्याच्याच गावचा, त्याच्याच वयाचा, गल्लीत समोरच्याच खोलीत राहणारा. दोघांच्या दारांमधलं अंतर मोजून आठ पावलं. पांडुरंग फोल्डिंग खात्यात होता. साडीची घडी घालावी तर त्यानंच. कडेला कड अशी बसवायचा की शेठ बाहेरच्या व्यापाऱ्यांना त्याच्याच हातचा माल दाखवीत. नव्वद सालच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्यानं बायकोसाठी, सुमनसाठी, एक गुलाबी साडी कमरेला गुंडाळली आणि वरून पँट चढवून तो रांगेत उभा राहिला. का केलं, ते त्यालाच ठाऊक. वर्षभर हजारो साड्या हातांखालून जातात, त्यातल्या एकीवर कधीतरी जीव बसत असेल.

निंबानं त्याच्या काखेत थाप मारली. कमरेला मारली. आणि हात थांबला.

एवढंच झालं. निंबा एक शब्द बोलला नाही, मान हलवली नाही. पण मागे मुकादम उभा होता, आणि सहा वर्षांत त्यानं हा हात कुणाच्या कमरेवर थांबलेला पाहिला नव्हता. तो पुढं झाला. चारशे माणसांसमोर पांडुरंगच्या अंगातून गुलाबी साडी बाहेर निघाली, निघतच राहिली. त्याच दिवशी पांडुरंगचं काम सुटलं. पुढं तो कुठल्याशा खात्यावर, म्हणजे मागाच्या कारखान्यात, लूम चालवायला लागला, मग इच्छापोरला ठेक्याच्या कामावर, पहाटे निघून अंधार पडता घरी. आणि त्या दिवसापासून निंबाशी त्याचं बोलणं बंद.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला तोंड असतं, मिटवायला चार माणसं बसतात. हे नुसतं बंद होतं. नळावर दोघं पाठीला पाठ लावून उभे राहत. चहाच्या गाडीवर एक आला की दुसरा अर्धा कप ठेवून उठे. बायका मात्र बोलत. सुमन आणि रंजना, म्हणजे निंबाची बायको, बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालताना अशा बोलत की जणू नवरे कुणा तिसऱ्याच गल्लीतले. दोघींच्या तोंडून एका नवऱ्याची बातमी दुसऱ्याला पोचे, ताप आला, पगार झाला, गावी पाणी नाही. निंबा ती बातमी अशी ऐके की जेवता जेवता त्याचा हात ताटात थांबे.

चौऱ्याण्णवच्या प्लेगात तर कमालच झाली. अर्धी सुरत रातोरात पळाली, लिंबायत सगळी ताप्ती लाइनीला लागली. रंजनाला आणि पोरांना निंबानं गाडीत बसवलं. तो मागं राहिला, कारण मिलच्या गेटाला कुलूप होतं आणि कुलपाला माणूस हवा होता. पांडुरंग राहिला, कारण सुमन दहाच दिवसांची बाळंतीण होती. साऱ्या गल्लीत दोनच स्टोव्ह पेटायचे. एकाचा भरभर आवाज दुसऱ्याला ऐकू जायचा. तोंडाला रुमाल बांधून दोघं समोरासमोरच्या उंबऱ्यावर बसायचे, सरकारी पावडरीचा वास घेत, आणि गल्लीतल्या कुत्र्याशी बोलायचे. दोघंही. एकमेकांशी नाही.

याच प्लेगानंतर गोडादऱ्याहून गोपाल आला, केबल घेऊन. वय चोवीस, केस कानांवर, पायात पांढरे बूट, आणि तोंड असं की वायर न जोडताही चालायचं. वर्षभरात गल्लीच्या डोक्यावर काळ्या वायरींचं जाळं झालं आणि घराघरात चाळीस चॅनलं. त्यातल्या कुठल्याशा परदेशी चॅनलवर रविवारी सकाळी एक कार्यक्रम लागायचा, लोकांची फजिती करून ती चोरून टिपायची. बोलणं नाहीच, मागून फक्त हसण्याचा गडगडाट. त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्यांची सोय होती, म्हणजे सगळ्यांची.

त्यात एकदा विमानतळ आला. टोपीवाला शिपाई, मेटलची कमान, सामान आत ओढून नेणारा पट्टा. एक म्हातारा पट्ट्यावर बॅग ठेवतो, पलीकडून बॅगेऐवजी कोंबडी निघते. एक बाई कमानीखालून जाते, घंटा वाजते. ती घड्याळ काढते, घंटा वाजते. कमरेचा पट्टा काढते, माळ काढते, बूट काढते, घंटा वाजतेच. शेवटी तो शिपाई गळ्यात हे भलंमोठं पितळी वाजंत्र अडकवून कमानीखालून जातो आणि कमान मुकी.

रंजनाच्या खोलीत पंधरा माणसं दाटीनं बसली होती, पोटं धरून हसत होती. एकटा निंबा हसत नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवून पडद्याकडे बघत होता, आणि मध्येच गंभीरपणे म्हणाला, "त्यानं काख सोडली."

"काय?" गोपालनं विचारलं.

"काख पाहिलीच नाही त्या माणसाची. पोटरीबी सोडली. असल्या झडतीत हत्ती घरी नेतील लोक."

खोली हसण्यानं अशी फुटली की परदेशी गडगडाट ऐकू येईना. गोपाल डोळे पुसत निंबाकडे बघतच राहिला. त्याच्या डोक्यात वायर जुळली होती.

"नाना," तो म्हणाला, "यंदा मंडळाचा देखावा विमानतळाचा. बाप्पा विमानानं निघालेत. आणि गेटवर तुम्ही. आपण कॅमेरा लपवून शूटिंग करू, आपल्या केबलवर लावू. सगळी लिंबायत बघेल."

"मी नाही," निंबा म्हणाला. "रोज तेच करतो, आणखी सणाला?"

पाहुणे गेल्यावर रंजनानं चहाची भांडी गोळा करता करता तोंड उघडलं. "बारा वर्षं खरं तपासलं. एक माणूस तरी हसून गेला का तुमच्या हाताखालून? एक दिवस खोटं तपासून बघा."

 ते निंबाला लागलं. बारा वर्षांत आपल्या हाताखालून कुणी हसून गेलं नव्हतं, ही गोष्ट त्यानं कधी अशी मांडून पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यानं गोपालला गाठून विचारलं, "टोपी मिळेल का?"

टोपी मिळाली. कोटही मिळाला, एका बँडवाल्याचा. चातुर्मासात लग्नं नसतात, बँडवाल्यांचे कोट खुंटीला लटकून असतात. निळा कोट, खांद्यांवर सोनेरी झालर, बाह्या इतक्या रुंद की एकेकीत पोर झोपावं. थर्मोकोलचं विमान झालं, त्यात मूषकासकट बाप्पा बसले. कमान प्लायवूडची, वरून चांदीचा कागद. घंटा सायकलीची नव्हे, घराच्या दाराची, आणि तिचं बटण गोपालच्या पायाखाली. विमानाच्या तिसऱ्या खिडकीतून कॅमेऱ्याची काच डोकावत होती. लिंबायतमध्ये खरा विमानतळ कुणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यात एकही चूक निघाली नाही.

शूटिंग पाचव्या दिवशी, दिवसपाळी सुटल्यावर. निंबा मिलच्या गेटवरून थेट मंडपाच्या गेटवर आला आणि खाकीवरच कोट चढवला.

गोपालचा हिशेब सोपा होता. माणूस दर्शनाला येणार, अचानक शिपाई अडवणार, माणूस गोंधळणार, चिडणार, लाजणार, आपण टिपणार. परदेशी लोक असेच गोंधळले होते. पण पहिला माणूस आला, कमानीत निंबाला पाहिलं, आणि त्यानं मुकाट्यानं दोन्ही हात वर केले. निंबानं सवयीनं थापा मारल्या, एक, दोन, तीन. माणूस पुढं जाऊन बाप्पाच्या पाया पडला. दुसरा आला, हात वर. तिसरा, हात वर. थोड्या वेळानं गोपालनं खिडकीतून पाहिलं तर कमानीपासून पानाच्या गादीपर्यंत रांग लागली होती, आणि पुढची दहा-बारा माणसं आपला नंबर यायच्या आधीच हात वर करून उभी. बारा-बारा वर्षांची सवय ती. निंबा आणि गेट एकत्र दिसलं की हात आपोआप उठायचे.

"अरे, हे लोक चिडत का नाहीत?" गोपाल विमानाच्या पोटातून ओरडला.

"कसाले चिडतीन?" निंबा म्हणाला.

त्यात धुरपदाबाई आली. सत्तरीची, हातात दोन-दोन चांदीच्या गोटांची, गल्लीत जिला सगळे मोठी माय म्हणत. कमानीपुढं तिनं चपला काढल्या, चौकटीला हात लावून कपाळाला लावला, आणि आत पाय टाकते तोच गोपालनं घंटा वाजवली. धुरपदाबाईनं डोळे मिटून हात जोडले. गोपालनं पुन्हा वाजवली. ती पुन्हा नमली. मग निंबासमोरच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये, जिथं प्रवाशानं किल्ल्या आणि घड्याळ ठेवायचं, तिनं एक जास्वंद आणि चिमूटभर हळदकुंकू ठेवलं आणि विचारलं, "निंबा, आते फिरू का?"

"कुठं, माय?"

"अरे, प्रदक्षिणा. एक का तीन?"

तिनं तीन घातल्या, कमानीला. तिच्या मागच्यांनी तिचं पाहून घातल्या. ट्रे फुलांनी भरला. तिच्यामागच्या सातव्या-आठव्या माणसापर्यंत कॅमेऱ्याची बातमीही पोचली, आणि पुढचे सगळे भांग पाडून, पावडर लावून, हात वर करून यायला लागले. गोपाल विमानातून बाहेर पडला. त्याचा चेहरा विसर्जनाच्या दिवसासारखा झाला होता.

"नाना, यात हसायचं कुठं? काहीतरी निघालं पाहिजे झडतीत. थांबा." तो धावत जाऊन रंजनाकडून एक जुनी निळी नायलॉनची साडी घेऊन आला. "ही बाहीत कोंबा. माणसाच्या कॉलरमागे हात घालायचा, टोक धरायचं, आणि ओढत राहायचं. त्याच्याच अंगातून निघतेय असं वाटलं पाहिजे."

निंबानं साडीकडे पाहिलं. "कापड नको."

"का?"

"नको म्हटलं ना. वांगं दे, मुळा दे. कापड नको."

"वांगं काय ओढत राहणार, नाना? एकदा करून बघा. एकदाच."

गोपाल गोडादऱ्याचा, प्लेगानंतर आलेला. त्याला नव्वद सालचं काही ठाऊक नव्हतं. निंबानं सांगायला तोंड उघडलं, आणि रांगेकडे बघून मिटलं. साडी बाहीत गेली.

पुढचा आला रामदास पानवाला. निंबानं काखेत थाप मारली, कमरेला मारली, मग हळूच कॉलरमागून निळं टोक काढलं. रामदासनं मान वळवून पाहिलं. निंबा ओढत गेला. एक हात, दोन हात, तीन हात. रामदास स्वतःच्याच सदऱ्यात डोकावून बघायला लागला, "मन्हा अंगमा साडी! माय वं!" आणि मंडप कोसळला. म्हणजे हसण्यानं. थर्मोकोलचं विमान हललं. रामदासची बायको हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "कोन्ही साडी शे ती, आधी ते सांगा!"

निंबाला आयुष्यात असं कुणी हसलं नव्हतं. म्हणजे त्याला हसले होते, त्याच्यामुळं कधी नाही. त्यानं साडी पुन्हा बाहीत कोंबली. पुढच्याच्या अंगातून काढली, त्याच्या पुढच्याच्या काढली. दर वेळी नवी तऱ्हा. एकाच्या कानामागून, एकाच्या टोपीतून. त्याच्या चेहऱ्यावर आता ढेकर नव्हती, खरंखुरं हसू होतं, आणि ते त्याला चांगलं दिसत होतं. कापड नको म्हटल्याचं तो पार विसरला. विसरायचं नव्हतं.

कारण मंडळाची रीत अशी, की रोजची आरती गल्लीतल्या एकेका घराकडे. चिठ्ठ्या टाकून ठरायचं. पाचव्या दिवशीची आरती होती पांडुरंगकडे.

गर्दी बाजूला झाली आणि निंबाला समोर तबक दिसलं. तबकात निरांजन, कापूर, नारळ. तबक धरलेले हात त्यानं चेहरा पाहण्याआधीच ओळखले. पांडुरंग इच्छापोरहून येऊन अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला होता. मागे सुमन, कडेवर दोन वर्षांची पोर. दुसरी वाट नव्हती, बाप्पाकडे जायचं तर कमानीतूनच.

मागून टवाळ आवाज उठले. "हात वर! पांडूभाऊ, हात वर! विमान सुटीन!"

हे ओरडणारे सगळे नवे. जुने गप्प झाले. रंजना खुर्चीवरून उठून उभी राहिली. पांडुरंगनं तबकाकडे पाहिलं, जणू हातात तबक असलेल्या माणसाची झडती घेत नाहीत असा काही नियम असेल. मग सुमननं पोर खाली ठेवली आणि तबक स्वतःकडे घेतलं. तिला वाटलं असेल, लवकर आटपेल. पांडुरंगनं हात वर केले. पण इतरांसारखे चटकन नव्हे, विहिरीतून भरली बादली ओढावी तसे.

विमानाच्या तिसऱ्या खिडकीतून गोपाल बोटं हलवत होता, काढा, काढा.

निंबानं काखेत थाप मारली. हात खाली आला, कमरेशी, आणि थांबला.

बाहीत साडी होती. आता फक्त टोक काढायचं, ओढत जायचं. चारशे नव्हे, इथं सातशे माणसं होती, आणि रविवारी केबलवर सगळी लिंबायत. पांडुरंग त्याच्याकडे बघत नव्हता. तो निंबाच्या डोक्यावरून बाप्पाकडे बघत होता. नव्यांच्याही लक्षात आलं की काहीतरी चुकतंय, हसणं विझत विझत गेलं. शांततेत थर्मोकोल करकरलेला ऐकू आला.

निंबानं हात काढून घेतला. टेबलाला वळसा घालून तो कमानीच्या बाहेर गेला, वळला, आणि प्रवासी येतात तसा कमानीतून आत आला. गोपालचा पाय बटणावर पडला की काय, घंटा वाजली. निंबा पांडुरंगसमोर उभा राहिला आणि झालरीचे दोन्ही हात त्यानं वर केले.

"मन्ही झडती ले," तो म्हणाला.

पांडुरंग हलला नाही.

"ले ना. घंटी वाजनी मन्हावर."

सुमन हळूच म्हणाली, "घ्या हो." तबकातली ज्योत फडफडत होती.

मग पांडुरंगचा हात उठला. त्यानं थाप मारली, काखेत. कमरेला. पोटरीला. सहा वर्षं रोज त्यानं त्या थापा खाल्ल्या होत्या, त्याला त्यांचा ताल निंबाइतकाच पाठ होता. सरळ झाला तेव्हा त्याला निंबाच्या उजव्या बाहीतून लोंबणारं निळं टोक दिसलं. तो क्षणभर त्या टोकाकडे पाहत राहिला. आणि त्यानं ते धरून ओढलं.

एक हात. दोन हात. तीन. निंबा हात वर करून उभा, आणि त्याच्या अंगातून नऊवारी वाटावी इतकी ती साडी निघतेच आहे. धुरपदाबाईनं सगळ्यात आधी तोंड उघडलं. "चोर सापडना रे! निंबा चोर सापडना!" मग काय विचारता. बारा वर्षं ज्यांच्या कमरा चाचपल्या त्या सगळ्यांनी एकदम हसून घेतलं. शिट्ट्या, टाळ्या, ढोलवाल्यानं मध्येच ढोलावर टिपरी हाणली. "मुकादमले बलावा!" कुणी ओरडलं. "काम सुटनं निंबानं!" निंबाचे कान लाल झाले होते. पण हात त्यानं खाली घेतले नाहीत.

पांडुरंग हसत नव्हता. साडी सगळी हातात आल्यावर ती त्यानं टेबलावर टाकली, आणि त्याची बोटं आपोआप कामाला लागली. कडेला कड, टोकाला टोक, वरून तळहात फिरवून सुरकुती काढून. इतक्या गोंगाटात त्यानं त्या जुन्या नायलॉनच्या साडीची अशी घडी घातली की ती दुकानात ठेवावी. ट्रेमधली जास्वंद बाजूला सारून घडी तिथं ठेवली. मग निंबाकडे पाहिलं.

"हात खाले कर," तो म्हणाला. "आरतीले उशीर व्हई ऱ्हायना."

सहा वर्षांतलं हे त्याचं पहिलं वाक्य. आरतीत निंबा टाळ कुठं वाजवत होता आणि लोक कुठल्या कडव्यात होते, याचा मेळ शेवटपर्यंत बसला नाही.

रविवारी सकाळी गोपालनं ते सगळं केबलवर लावलं. पुढं कित्येक महिने मिलच्या गेटवर माणसं हात वर करताना विचारायची, "आज कोणता रंग काढता, निंबाभाऊ?" आणि निंबा म्हणायचा, "सरक, मागं विमान उभं आहे." ती कॅसेट आता नाही. मार्गशीर्षात लग्नं सुरू झाल्यावर गोपालनं तिच्यावर कुणाची तरी हळद टिपली. दुसरी कॅसेट आणायला तेव्हा त्याला सुचलं नाही आणि कुणाला वाईटही वाटलं नाही. वाटतं ते आता.

पण त्या रविवारी काय झालं ते सांगायचं राहिलं. निंबा टीव्हीसमोर बसला होता, कार्यक्रम सुरू झाला होता, धुरपदाबाई कमानीला प्रदक्षिणा घालत होती. उंबऱ्याशी कुणी खाकरलं. रंजनानं मान वर केली आणि हातातली कपबशी खाली ठेवली. दारात पांडुरंग उभा होता.

"आमना घर खरखर दिखस," तो भिंतीकडे बघत म्हणाला. चित्र नीट दिसत नाही म्हणून. "तुमनं बरं दिखस का?"

"ये ना," निंबा म्हणाला, आणि इतकं सरकला की खाटेवरून पडायचाच.

पांडुरंग खाटेच्या काठावर टेकला. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. रामदासच्या कॉलरमधून साडी निघाली, कुणी हसलं नाही. मग तबक आलं. पडद्यावर पांडुरंगनं हात वर केले. निंबाची थाप काखेत, मग हात खाली, कमरेशी. थांबलेला. पडद्यावर तो फार वेळ थांबला होता, त्यांना वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त.

"तव्हळबी असाच थांबना व्हता," पांडुरंग म्हणाला.

निंबानं दोन्ही हात मांडीखाली सारले.

"एक विचारू? तू थांबाडा, का आपोआप थांबना?"

सहा वर्षं निंबानं याचं उत्तर तयार ठेवलं होतं. नळावर, गेटवर, प्लेगाच्या रिकाम्या गल्लीत, त्यानं ते हजारदा मनात म्हटलं होतं. आपोआप थांबला रे, बोटांना कापड कळतं, माझा दोष नाही. आता विचारणारा शेजारी बसला होता आणि ते उत्तर तोंडातून निघेना. कारण ते पुरतं खरं होतं का, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. मुकादम मागं आहे, हेही त्याच्या पाठीला त्या वेळी माहीत होतं.

"माले अजून नही समजनं, पांडू," तो म्हणाला.

पांडुरंगनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पडद्यावर निंबाच्या बाहीतून साडी निघत होती आणि सगळी लिंबायत हसत होती, भिंतीपलीकडूनही हसणं येत होतं.

"तुले नही समजनं," पांडुरंग म्हणाला, "ते माले काय समजी!"

त्यानं खाटेवर पाय वर घेतले, मांडी घातली, आणि दारातून आठ पावलांवरच्या आपल्या घराकडे आवाज दिला, "वं सुमन, मन्हा चहा ठेऊ नको. मी आठेच, निंबाना घर लेसू."